जिभेवरचं वजन

"पेटी उघड," रघुवीर म्हणाले.

गॅरेजच्या कोपऱ्यात ती लाकडी पेटी दोन वर्षं पडून होती. तिच्यावर रंगाचे डबे, जुनी इस्त्री, बागेतला पाइप असा संसार जमला होता. तो मी एकेक करून खाली उतरवला. माझे यजमान गॅरेजच्या दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा पाय समोर पालथ्या घातलेल्या बादलीवर उशी ठेवून तिच्यावर टेकवला होता. पायाला जाड पट्टी, पट्टीवर दवाखान्यातून दिलेला राखाडी बूट. त्या पायाची दोन बोटं डिसेंबरातच गेली होती. नऊ एप्रिलला गुडघ्याखालून पाय काढायचा असं ठरलं होतं. हाडात शिरलेला संसर्ग औषधाला दाद देत नव्हता.

आता मार्चचा तिसरा आठवडा चालू होता. आणि त्यांना नेब्रास्काला जाऊन प्लॅट नदीवर उतरणारे क्रौंच पक्षी बघायचे होते.

"दोन पायांवर असताना बघतो एकदा," असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पाय वर ठेवून झोपून जाता येत असेल, पट्टी दिवसातून दोनदा बदलली जात असेल, तर दोन दिवस चालतील. मॉटेलमध्ये ते जमणारं नव्हतं. आमच्याकडे पिकअपला मागे जोडायचा ट्रेलर होता. आत दोन पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. घराच्या बाजूला ताडपत्रीखाली तोही दोन वर्षं उभाच होता.

पेटीत नवा हिच होता, ट्रेलर पिकअपला जोडायचा सांधा. "दुकानात देऊन बसवून घेऊ," मी म्हटलं होतं.

दुकानवाल्यांनी चौदा एप्रिलची तारीख दिली.

"मग तो हिच न बसवताच जाऊ."

"मी त्याच्याशिवाय तुला चालवू देणार नाही," रघुवीर म्हणाले. "आणि तू चालवणार नसशील, तर मी चालवीन."

हे ऐकल्यावर मी पेटी उघडायला बसले. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. सकाळी सहाला पट्टी, मग साखर तपासायची, इन्शुलिन, नाश्ता, नळीतून औषध, जेवण, पुन्हा नळी, संध्याकाळी पट्टी. चार महिने हेच चाललं होतं. कुणी जोरात बोललं तरी रडू यावं इतकी मी थकले होते. त्यामुळे वाद घालण्यापेक्षा लोखंड उचलणं मला सोपं वाटलं.

पेटीतून काय काय निघालं! हाताच्या कोपराएवढा पोलादी ठोकळा, त्यात बसणारा चौकोनी दांडा, दोन लांब काळे दांडे, साखळ्या, कंस, आणि पिशवीभर नट-वॉशर. रघुवीरांनी माहितीपत्रक हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि त्यांच्या आवाजात जुना जोर आला. विचिटातल्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

"हे बघ, ट्रेलरचं पुढचं टोक गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतं. त्या टोकाला म्हणायचं जीभ. जिभेचं वजन गाडीच्या मागच्या चाकांवर येतं, गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात. मग सुकाणू ऐकत नाही. हे दोन दांडे ताण देऊन त्यातलं थोडं वजन पुढे ढकलतात. सगळ्या चाकांवर वाटून देतात. कळलं?"

"कळलं."

"आधी पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोज. ट्रेलर न जोडता."

मी टेप घेऊन गुडघ्यावर बसले. "सव्वाछत्तीस इंच."

त्यांनी वहीत लिहिलं. ती वही मला माहीत होती. तिच्यात ट्रेलरच्या प्रत्येक कप्प्यात काय आणि किती वजनाचं आहे, ते लिहिलेलं होतं. मी नजर फिरवली.

अपघाताबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही ट्रेलर घेऊन डेन्व्हरला निघालो होतो. कॅन्ससच्या पश्चिमेला, सरळसोट रस्त्यावर, एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि आमचा ट्रेलर मागे डुलायला लागला. आधी थोडा, मग जास्त, मग त्यानेच पिकअपला इकडून तिकडे फेकायला सुरुवात केली. रघुवीर सुकाणूशी झटत होते. मी डॅशबोर्डला दोन्ही हात लावून ओरडत होते. आम्ही दोन रस्त्यांमधल्या गवतात उलट्या दिशेला तोंड करून थांबलो. ट्रेलर एका चाकावर कलला आणि परत खाली आला. कुणालाच काही लागलं नाही. पोलिस आले तेव्हा रघुवीर गवतात मांडी घालून बसले होते. पोलिस नाव विचारत होता आणि ते त्याला नावाचं स्पेलिंग नीट सांगू शकत नव्हते.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवली नाही. दुकानापर्यंतसुद्धा नाही. लोकांना सांगायचे, "हिच साधा होता, म्हणून झालं." पुढच्याच आठवड्यात त्यांनी हा नवा मागवला आणि पेटी उघडलीच नाही. मीही कधी उघडा म्हटलं नाही.

दांडा पिकअपच्या मागच्या चौकोनी नळीत सरकवला. ठोकळा त्यावर बसवायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. तो उचलताना माझ्या मनगटात कळ गेली. गोळा बसवला आणि त्याचा नट आवळायची वेळ आली.

"चारशे तीस फूट-पौंडांचा जोर," रघुवीर म्हणाले. "पत्रकात लिहिलंय. अंदाजे आवळून चालणार नाही."

"आपल्याकडचा पाना तेवढ्याला पुरतो?"

"त्याच्या निम्म्यालाही नाही. लोइसला बोलाव."

लोइस शेजारच्या घरात राहायची. सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मोठी. नवरा गेल्यावर शेत विकून गावात आली होती, पण अवजारं तिने विकली नव्हती. ठरवलेला जोर लागला की वाजणारा चार फूट लांबीचा पाना खांद्यावर टाकून ती आली.

"कंबाइनचा, कापणीच्या यंत्राचा आहे," ती म्हणाली. "कुमुद, तू त्या टोकाला लटक. मी ढकलते."

आम्ही दोघी बायका त्या पान्याला लटकलो. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा माझा पाय सरकला. तिसऱ्या वेळी पान्यातून 'टक्' असा आवाज आला.

"लागला," रघुवीर खुर्चीतून म्हणाले. कुणीतरी त्यांचा सत्कार केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लोइसने कपाळ पुसलं आणि मला हळूच विचारलं, "झोपतेस की नाही?"

"झोपते."

"दिसत नाही तसं," असं म्हणून ती पाना घेऊन गेली.

मग पिकअप मागे घेऊन तो गोळा ट्रेलरच्या जिभेखाली आणायचा होता. मी चालवत होते, रघुवीर खुर्चीतून वर्तमानपत्राच्या सुरळीने खुणा करत होते. डावीकडे, थोडं अजून, थांब, अगं थांब म्हणतोय ना! चार वेळा पुढेमागे झालं. पाचव्यांदा बरोबर खाली आला. मी जॅक फिरवून जीभ गोळ्यावर उतरवली, खटका लावला, आणि पुन्हा कमान मोजली. सव्वासदतीस. पुढचं टोक इंचभर वर गेलं होतं.

"बघ. हेच ते," रघुवीर म्हणाले. "आता दांडे."

दांड्यांची एक टोकं ठोकळ्यात बसली. दुसऱ्या टोकांना साखळ्या होत्या. साखळीची एक कडी ट्रेलरच्या चौकटीवरच्या कंसात अडकवायची आणि कंस पाइपने वर फिरवायचा. मग दांडा वाकतो आणि ताण धरतो. पहिली बाजू कशीबशी झाली. दुसऱ्या बाजूला मी पाइप लावला, सगळं अंग घालून वर रेटला, आणि तो अर्ध्यावर असताना माझ्या हातातली ताकद संपली.

पाइप उलटा फिरला. माझ्या डाव्या हातावर, कोपराखाली बसला आणि खणखणत अंगणापर्यंत गेला.

मी खाली बसले. हात मोडला नव्हता, बोटं हलत होती. पण मला उठावंसं वाटेना. वारा सुटला होता. त्या वाऱ्यात मी सिमेंटवर बसून हुंदके देत होते. हात दुखत होता म्हणून नव्हे. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

"जॅक वर घ्यायचा राहिला," रघुवीर म्हणाले. "माझीच चूक. मी सांगायला हवं होतं. थांब, मी येतो."

"उठू नका."

"थांब म्हणतोय ना."

ते खुर्चीचा हात धरून उठले आणि चार पावलं चालत माझ्यापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माझी नजर त्यांच्या मागे गेली. सिमेंटवर खुर्चीपासून इथपर्यंत लाल ठसे उमटले होते. बुटाच्या कडेने रक्त येत होतं.

"अहो, पाय."

"काय झालं?"

"खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं. ते रक्त दुसऱ्याच कुणाचं असावं, तसं बघितलं.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, आतून पट्ट्यांची पेटी आणली, बूट काढला. जखमेची कड उकलली होती. मी दाबून धरलं. माझा हात सुजायला लागला होता. ते वर आकाशाकडे बघत बसले होते.

"आज राहू दे," मी म्हटलं.

"राहू दे कसं? झालंच आहे आता. एक बाजू राहिली. मग सामान भरायचं. मी यादी काढून ठेवली आहे, त्या वेळचीच. जसं तेव्हा भरलं होतं, तसंच भरू. आणि मग वजनकाट्यावर जीभ मोजू. मला बघायचंच आहे."

"काय बघायचंय?"

"मी तेव्हा मोजली होती, कुमुद. निघायच्या आदल्या दिवशी. सहाशे वीस पौंड. ट्रेलर बावन्नशे. म्हणजे बारा टक्के. पुस्तकात लिहून ठेवण्यासारखं बरोबर. हिच साधा असला तरी बारा टक्क्यांना ट्रेलर असा डुलत नाही. हे गणित मी दोन वर्षांत शंभर वेळा केलं असेन."

मी पट्टी गुंडाळत होते. गुंडाळणं थांबवलं.

"ते गणित करू नका," मी म्हटलं.

"का?"

"त्यात अकरा खोकी नाहीत."

ते माझ्याकडे बघायला लागले.

"दिवाळी अंक," मी म्हटलं. "डेन्व्हरला मंदाकिनीच्या मराठी मंडळाला द्यायचे म्हटले होते ना मी. तुम्ही नको म्हणालात. कागदासारखं जड काही नसतं, म्हणालात. निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी ती मागच्या बंकखाली, त्या पलंगाखाली भरली. अकराही. मला वाटलं, एवढा मोठा ट्रेलर, त्याला काय कळतंय. तुम्ही वही बघून कुलूप लावलंत. मी काही बोलले नाही."

वाऱ्याने ताडपत्रीचं टोक फडफडत होतं.

"ट्रेलर दुरुस्त होऊन परत आला, तेव्हा तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतात. मी खोकी काढली आणि गावच्या रद्दीत नेऊन टाकली. सदतीस वर्षांचे अंक. भाऊ बोटीने पाठवायचा ते. मंदाकिनीला सांगितलं, अपघातात भिजले."

"एकेक खोकं किती असेल?"

"अहो, मी काय सांगतेय..."

"किती असेल?"

"उचलताना जीव जायचा. पस्तीस पौंड असेल."

ते बोटांवर मोजत नव्हते, पण ओठ हलत होते. "तीनशे पंच्याऐंशी. चाकांच्या मागे नऊ फूट. म्हणजे पुढची जीभ सव्वादोनशेने तरी हलकी झाली." ते थांबले. "सात टक्के. सात टक्क्यांना डुलणारच."

"हो."

"तुला हे माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. पोलिसाने विचारलं ना, मागे जड काही आहे का, तेव्हा कळलं. तुम्ही म्हणालात, नाही. आणि मी तुमच्या शेजारी उभी होते."

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उरलेली पट्टी गुंडाळली, चिकटपट्टी लावली. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"ट्रेलर डुलायला लागला की ब्रेक दाबायचा नसतो," ते म्हणाले. "अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. आपोआप सावरतो. सात टक्क्यांनाही सावरला असता, आपण काही वेगात नव्हतो. मला हे सगळं माहीत होतं. मी पाय उचलला."

"मला आठवतंय, तुम्ही झटत होतात."

"मी पाय उचलला असं मला वाटलं, कुमुद. काटा बघितला तर वेग वाढत होता. पासष्टचे सत्तर झाले, बहात्तर झाले. पाय तिथेच होता. दाबून होता. मला कळतच नव्हतं तो कुठे आहे ते. शेवटी हाताने मांडी धरून ओढला."

मी त्यांच्या गुडघ्याला धरून बसले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच्या आधी आठ-नऊ महिने. डॉक्टर बारीक तारेने तळव्याला टोचायचे आणि विचारायचे, कळतंय का. डोळे मिटायला सांगायचे. मी किलकिले ठेवायचो. त्यांचा खांदा हलला की हो म्हणायचो."

"का?"

"गाडी काढून घेतली असती. आधी गाडी, मग ट्रेलर. मग मी काय, खिडकीत बसायचं? आणि अपघातानंतर तर सांगणं शक्यच नव्हतं. सांगितलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. माझ्या हातून तू गेली असतीस, त्या दिवशी. पायाचं कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं. मग ती टाच फुटली तेव्हाही पंधरा दिवस मी मोज्यातच ठेवली."

त्या पंधरा दिवसांनी काय केलं, ते आमच्या दोघांच्या समोर उशीवर ठेवलेलं होतं.

"मी तेव्हाच सांगितलं असतं," मी म्हटलं, "गवतात, पोलिसासमोर, खोक्यांचं. तर तुम्ही..."

"कदाचित सांगितलं असतं मीही," रघुवीर म्हणाले. "कदाचित नसतंही. माझा स्वभाव तुला माहीत आहे."

त्यांनी मला एवढीच सूट दिली. त्याहून जास्त दिली असती तर ती खोटी झाली असती, आणि कमी दिली असती तर मला सोसली नसती. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, पण हा हिशेब आम्ही पुन्हा कधी मांडला नाही.

मी आत गेले, हाताला बर्फ बांधला, दोघांना चहा केला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "जॅक वर घे. जीभ आणि पिकअपचं ढुंगण दोन्ही वर येऊ देत. पाच-सहा इंच."

मी जॅक फिरवला. यावेळी पाइप लावला तेव्हा कंस दोन बोटांनी फिरावा इतका सहज वर गेला. कंस अडकवून ठेवणारी खिळी बसली. मी जॅक खाली सोडला आणि टेप घेऊन पुन्हा कमानीपाशी गेले.

"साडेछत्तीस."

"पाव इंच वर. चालेल," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. मग वहीची ती जुनी यादी त्यांनी फाडली आणि मला नवी सांगायला लागले. "लिही. गाद्या. पाणी अर्धी टाकी. पट्ट्यांची पेटी. मागच्या बंकखाली..."

"काही नाही," मी म्हटलं.

"काही नाही," त्यांनी लिहायला सांगितलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पंचावन्नच्या वर मी गेले नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. सालायनाच्या पुढे मोठे ट्रक बाजूने जायला लागले. प्रत्येक ट्रकला माझे खांदे कानांपर्यंत यायचे. रघुवीर मागच्या सीटवर आडवे, पाय उशांवर. ते सूचना देतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी एकही दिली नाही. जेवायला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "चांगली चालवतेस." मी म्हटलं, "बोटं अजून सुकाणूला वळलेलीच आहेत, बघा." त्यांनी माझे हात दोन्ही हातांत धरून ठेवले आणि आम्ही तसेच, पोळीची गुंडाळी मांडीवर तशीच ठेवून, थोडा वेळ बसलो.

नदीकाठच्या मुक्कामाच्या जागेवर पोचायला साडेचार वाजले. ट्रेलर जागेवर लावायला माझी आणखी अर्धा तास परीक्षा झाली. मी त्यांना आत आणलं, खिडकीशी पलंगावर झोपवलं, पट्टी बदलली. मग बुटांसकट तशीच त्यांच्या शेजारी आडवी झाले.

सूर्य कलला तसे पक्षी यायला लागले. आधी लांबून आवाज आला, रिकाम्या मडक्यांवर कुणी काठी फिरवावी तसा. मग आकाशात रेघा दिसायला लागल्या. एक रेघ, मग दहा, मग मोजता येईनात. लांब पाय खाली सोडून ते नदीतल्या वाळूवर उतरत होते. खिडकीची काच त्यांच्या आवाजाने थरथरत होती.

"बाहेर जाऊन बघ," रघुवीर म्हणाले. "इथून अर्धेच दिसतायत."

"मला उठवत नाही."

"एवढी लांब आलीस."

"उद्या सकाळी बघेन. तुम्हाला दिसतायत ना?"

"दिसतायत."

खिडकीतला उजेड तांबडा झाला, मग राखाडी. पक्षी येतच होते. मला डुलकी लागत होती तेवढ्यात ते म्हणाले, "कुमुद."

"अं?"

"मला भीती वाटतेय. नऊ तारखेची."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाले.

"मलाही वाटतेय," मी म्हटलं.

मग मी उठले, बूट काढले, आणि त्यांना धक्का लागणार नाही अशी पुन्हा त्यांच्या शेजारी येऊन पडले. पलंग एकाच माणसाचा होता. आम्ही दोघं कसेबसे मावलो.